धरायचं राहिलेलं वजन

वाळत घातलेल्या चादरीवर सकाळी काळी राख पडली होती. ही राख झटकली तर जात नाही, पुसायला गेलं तर पसरते. म्हणजे कारखाना सुरू झाला. आमच्या कसबा बावड्यात उसाचा हंगाम कॅलेंडरवरून कळत नाही, दोरीवरच्या कपड्यांवरून कळतो. मग दुपारी मळीचा आंबूस-गोड वास घरात शिरतो, संध्याकाळी दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवतात, त्यांच्यावरची गाणी एकमेकांशी भांडत असतात, आणि घरातलं माणूस घरातल्या माणसाशी ओरडून बोलायला लागतं. माझ्या घरात आता ओरडून बोलायला कुणी नाही. मी चादर पुन्हा पाण्यात टाकली, चहा ठेवला, आणि खिडकीबाहेर बघायचं टाळलं.

टाळून टाळून किती टाळणार? स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच ती पत्र्याची शेड आहे. शेडच्या मागे पाणंद, पाणंदीच्या पलीकडे ऊस, आणि हवा स्वच्छ असली की उसाच्या तुऱ्यांवर जोतिबाचा डोंगर. शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी आहे.

गाडी म्हणायचं ते आपलं प्रेमानं. बघणाऱ्याला ती गाडी वाटत नाही. वरचं अंग जुन्या फियाटचं, तेही टप कापून बुटकं केलेलं. खालची चौकट चौकोनी पाइप जोडून घरीच केलेली. इंजिन आणि मागचा ॲक्सल जीपचा, भंगारबाजारातून शोधून आणलेला. मागची चाकं जाडजूड, पुढची बारीक, आणि सगळ्यावर काळा प्रायमर. आमच्या ह्यांनी ती बनवली. हे म्हणजे माझे यजमान. उभा जन्म वीज कार्यालयाच्या टेबलाशी गेला, आणि निवृत्ती जवळ आली तसं मोबाइलवर परदेशातल्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. ते म्हातारे आपापल्या परसात जुन्या गाड्या कापतात, जोडतात, भन्नाट पळवतात, आणि त्याला हॉट रॉड म्हणतात.

"हॉट रॉड म्हणजे? तापलेली सळई?" मी विचारलं होतं.

"तसंच कायतरी," हे म्हणाले, आणि पुढच्याच रविवारी फियाटचा सांगाडा टेम्पोत घालून घरी घेऊन आले. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. सून आणल्यासारखा थाट होता. ओवाळायचं तेवढं मी राहू दिलं.

मला जो हंगाम आठवतो, तो ह्याच्या आधीच्या हंगामाच्याही आधीचा. ह्यांना निवृत्त होऊन थोडे दिवस झाले होते, मीही मुलींच्या शाळेत गणित शिकवून शिकवून नुकतीच घरी बसले होते. मुलगी, मनू, हैदराबादला. म्हणजे घरात दोन निवृत्त माणसं आणि एक निघायला तयार नसलेली गाडी. त्या हंगामात काम होतं ते गाडीच्या मागच्या बाजूचं. मागचा ॲक्सल चौकटीखाली सरळ बसवायचा, आणि त्याच्यावर पाटे चढवायचे. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या कमानी, ज्यांच्यावर गाडीचं मागचं सगळं वजन तोललेलं असतं. व्हिडिओतला म्हातारा हे काम चहा पितापिता करतो. आमच्याकडे त्याला पूर्ण हंगाम लागला.

ह्यांचा एक शाळूसोबती आहे, दत्ताभाऊ. उद्यमनगरात वेल्डिंगचं दुकान. ते फुरसत मिळेल तसे यायचे, पण हंगामात उसाच्या ट्रॉल्या मोडायच्या आणि दत्ताभाऊ तिकडे अडकायचे. मग उरले कोण? मी. "अगं, टेपचं टोक धर जरा," अशी हाक आली की मी गॅस बारीक करून शेडमध्ये. कधी टेप, कधी ओळंबा, कधी खडूनं जमिनीवर खूण. खडू मात्र माझे होते, शाळेतून निरोपाच्या वेळी पोरींनी खोकाभर दिलेले.

ॲक्सल सरळ बसलाय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ह्यांना वाटायचं कळतं. डोकं तिरकं करून, एक डोळा मिटून हे लांबून बघायचे आणि म्हणायचे, "बसला बघ झक्कास."

"कर्ण मोजा," मी म्हणायची.

"चारी बाजू जुळल्यात की!"

"चारी बाजू जुळल्या म्हणजे काटकोन होत नाही. आठवीच्या पोरींना कळतं."

मग टेप तिरकी. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि मग उलट. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तर चौकट काटकोनात, नाहीतर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालणार. पहिल्यांदा मोजलं तेव्हा बोटभर फरक निघाला. ह्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि सगळे बोल्ट परत ढिले केले. मी वरवर गंभीर राहिले, पण घरात येऊन पोटभर हसले.

परवा बैठकीच्या खिडकीला नवा पडदा शिवायचा म्हणून मी तीच टेप काढली. एक टोक चौकटीला लावलं, दुसऱ्या टोकाशी पोचेपर्यंत पहिलं सुटलं आणि टेप सळकन येऊन हातावर बसली. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. शेवटी टोक खिळ्याला अडकवलं आणि माप घेतलं. माप बरोबर आलं, पडदाही नीट झाला. पण मी त्या खिळ्याकडे बराच वेळ बघत बसले आणि मला रडू आलं. नवरा गेल्याचं रडू दहाव्याला आलं नव्हतं इतकं त्या खिळ्यापाशी आलं. शेजारीण भाजी द्यायला आली तेव्हा कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. कांदा कुठे आहे ते तिनं विचारलं नाही, बरी बाई आहे.

तर त्या हंगामाचं. ॲक्सल जागेवर आला आणि मग पाट्यांचं खरं काम निघालं. पाट्यांची एक खोड असते. गाडी रिकामी असताना ते वर ताठ उभे असतात, वजन पडलं की दबतात. म्हणून पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये जे लोखंडी ठोकळे बसवायचे, ते कुठल्या बाजूला किती जाड, हे गाडीवर खरं वजन ठेवूनच ठरवावं लागतं. रिकाम्या गाडीवर ठरवलं आणि वेल्डिंग करून टाकलं की माणसं बसल्यावर गाडी एका कुशीवर कलते. हे सगळं मला ह्यांनी चहाच्या टेबलावर बशी आणि चमचे मांडून समजावलं, आणि मग मुद्द्याला हात घातला.

"म्हंजे तुला बसाय लागंल."

"कुठं?"

"गाडीत. वजन म्हणून."

माझ्या आयुष्यात मला बऱ्याच ठिकाणी बसवलं होतं. पाहुण्यांसमोर पाटावर, सत्यनारायणाला, परीक्षेच्या सुपरव्हिजनला. वजन म्हणून कुणी बसवलं नव्हतं. मी म्हटलं, "वाळूची पोती ठेवा की."

"वाळू काय गाडीतनं फिरणार हाय व्हय? तू फिरणार हाईस."

मी पदर खोचला आणि चढले. गाडीला तेव्हा सीटही नव्हती, तळाला पत्राही नव्हता. डाव्या बाजूला, शेजारच्या माणसाच्या जागेवर, एक फळी आडवी टाकली होती. त्या फळीवर मी, आणि खाली गाडीखाली चटईवर उताणे हे. हातात पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी, तोंडात पेन्सिल. मला वरून त्यांचा चेहरा दिसायचा नाही. फळीच्या फटीतून कधी कपाळ, कधी ग्रीस लागलेला हात, आणि गाडीच्या बाहेर आलेली पावलं.

"हालू नगंस."

"हलत नाही."

"श्वास घेतलीस."

"तेवढा घेऊ द्या."

असं ते दिवस न् दिवस चाललं. ठोकळा घालायचा, माप घ्यायचं, काढायचा, कानशीनं घासायचा, परत घालायचा. मी फळीवर बसून शेंगा सोलायची, लसूण निवडायची, एकदा तर अख्खी मेथी निवडली. आणि गंमत अशी, की त्या फळीवर बसल्यावर मला कळलं, हा माणूस बोलतो. समोर बसलं की आमच्या ह्यांच्या तोंडातून "व्हय", "न्हाय" आणि "बघू" ह्यापलीकडे काही निघायचं नाही. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते. पण गाडीखाली गेले, चेहरा दिसेनासा झाला, आणि हे बोलायला लागले. पाना फिरवता फिरवता, माझ्याशी नव्हे तर त्या ॲक्सलशी बोलल्यासारखं. लहानपणी मोटार मेकॅनिक व्हायचं होतं, वडलांनी कॉलर धरून कॉमर्सला घातलं. ऑफिसात सगळे साहेब म्हणायचे तेव्हा आपल्याला कुणा दुसऱ्यालाच हाक मारतायत असं वाटायचं. मनू हैदराबादला गेली त्या दिवशी स्टँडवरून घरी न येता रंकाळ्यावर जाऊन बसलेले. मला त्यांनी तेव्हा सांगितलं होतं की रिक्षा मिळाली नाही.

एकदा खालून बराच वेळ नुसता पान्याचा आवाज. मग एकदम प्रश्न आला.

"तुला कट्टाळा येत न्हाय काय गं माझा?"

बाहेर ट्रॅक्टरवरचं गाणं एवढं मोठ्यानं चाललं होतं की मला ऐकू आलं नाही असंही म्हणता आलं असतं.

"येतो की," मी म्हटलं. "रोज येतो."

पान्याचा आवाज थांबला. "मग?"

"मग काय? बसलोय न्हवं?"

कोल्हापूरच्या बायका घरात "आलो", "बसलो" असंच बोलतात. शाळेत मी जिभेला वळण लावून ठेवलं होतं, पण त्या फळीवर ते वळण टिकलं नाही. खालून हसू ऐकू आलं, आणि मग पाना परत फिरायला लागला. त्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांना प्रेमाचं म्हणून काही बोललो असू तर मला आठवत नाही. त्या दिवशीचं हे एवढंच, आणि ते मला पुरलं. आता वाटतं, पुरवून पुरवून किती दिवस पुरवायचं.

गाडीचं नाव त्याच दिवसांत पडलं. पाणंदीतून जाणाऱ्या एकानं ट्रॅक्टर थांबवला आणि शेडमध्ये डोकं घातलं.

"पावणं, ह्ये काय करायलाय? गाडी हाय का म्हस?"

दत्ताभाऊ तिथेच होते. त्यांना हे एवढं आवडलं की त्या दिवसापासून गाडी म्हस झाली. "विशूदा, पुढल्या पाडव्याला हिला सगरात पळवूया," ते ह्यांना म्हणायचे. दिवाळीच्या पाडव्याला इथे म्हशी सजवून, शिंगं रंगवून मोटारसायकलमागे पळवतात, तो सगर. ह्यांचा बेत वेगळा होता. ह्यांना जोतिबाला जायचं होतं. चैत्रातल्या गर्दीत नाही, एखाद्या साध्या रविवारी सकाळी, घाट चढून, मी शेजारी बसलेली.

"आरटीओवाले धरतील," मी म्हटलं होतं. घरी जोडलेल्या असल्या गाडीला रस्त्यावर कोण सोडतंय?

"जोतिबाला जाताना कोण धरतंय?" हे गाडीखालून म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

हंगाम संपत आला. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप थांबायच्या, सुमाराला ठोकळे एकदाचे ठरले. दत्ताभाऊ वेल्डिंगचं यंत्र घेऊन आले. मी फळीवर बसले, हे खाली चटईवर पाणसळ धरून. पाणसळीतला बुडबुडा अगदी मधोमध. "आता बघ," खालून आवाज आला, "आता जर हाललीस तर घटस्फोट." फटीतून निळा उजेड आला, जळक्या लोखंडाचा वास आला, आणि मी श्वाससुद्धा मोजून घेतला. वेल्डिंग झालं. मी उतरले, चहा करून आणला. दत्ताभाऊंनी उजवीकडेही बसायला फळी टाकली, एक तुकडा डॅशबोर्डच्या जागी आडवा ठेवला, म्हणाले, "चला, उद्घाटन. दोघं बसा."

मी परत डाव्या बाजूला चढले. चहाचे कप डॅशबोर्डच्या फळीवर ठेवले. हे हात पुसत पुसत आले आणि पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, उजव्या बाजूला स्टिअरिंगपाशी बसले. गाडी त्यांच्या बाजूला खाली गेली. माझा कप फळीवरून घसरत घसरत त्यांच्या कपाला जाऊन टेकला आणि सगळा चहा त्यांच्या मांडीवर.

कुणाला काही कळेना. दत्ताभाऊ वाकून खाली बघायला लागले, हे पाटे बघायला लागले. मग दत्ताभाऊच उठून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"विशूदा, वैनींचं वजन धरलंस. आणि तुझं?"

हे माझ्याकडे बघत होते, मांडीवर चहा. "मी खाली हुतो की," ते म्हणाले.

हंगामभर माप घेतलं, घासलं, पुन्हा पुन्हा तपासलं. गाडीत मी बसलेली होते आणि हे प्रत्येक वेळी खाली होते. चालवणाऱ्याचं वजन धरायचं राहूनच गेलं. गाडी माझ्या एकटीच्या वजनाला सरळ बसवली होती. मला, गणिताच्या बाईला, तेव्हा सुचलं नाही, हेही आहेच. आम्ही इतके हसलो की दत्ताभाऊंना जमिनीवर बसावं लागलं. "ऱ्हाऊ दे," हे डोळे पुसत म्हणाले, "ठोकळे बदलायला काय लागतंय. पुढल्या हंगामात तोडू."

पुढचा हंगाम मी बघितला नाही. तो आला असणार, राख पडली असणार, ट्रॅक्टर गेले असणार. आम्ही दवाखान्यात होतो. पावसाळ्यात ह्यांना गिळायला त्रास व्हायला लागला आणि मग सगळं भराभर होत गेलं. धिप्पाड माणूस बघता बघता उशीएवढा झाला. तिथे ह्यांना उचलून वजनकाट्यावर उभं करायचे तेव्हा मी दुसरीकडे बघायची. एकदा हे झोपेत म्हणाले, "हालू नगंस." मी हलले नाही, बराच वेळ.

त्यानंतर उन्हाळाभर दत्ताभाऊ येत राहिले. मी बोलावलं नव्हतं. यायचे, ताडपत्री काढायचे, ब्रेकच्या नळ्या, सीट, तळाचा पत्रा असं एकेक करत राहायचे. इंजिन चालू झालं त्या दिवशी पाणंदीतली कुत्री गाव सोडून पळाली. मग त्यांनी मला चालवायला शिकवायचं घेतलं. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन रीतसर शिकले होतेच, पण म्हस वेगळी. शिकवणी शेड ते पाणंदीचं वळण, तेवढीच. त्यांना गाडी पुरी करायची होती, मला कशात तरी हात गुंतवायचा होता.

मनू फोनवर म्हणते, "आई, विकून टाक ना ती. तू एकटी काय करणार त्या गाडीचं?" प्रश्न बरोबर आहे. तिला मी दर वेळी भाजी काय केली ते सांगते.

खरं सांगायचं तर मी त्या गाडीचं एकच करायची. दुपारी जाऊन डाव्या सीटवर बसायची. दार लावायचं, मांडीवर हात ठेवायचे आणि बसायचं. तळाचा पत्रा बसला आहे, फट राहिली नाही, खाली कुणी नाही. पण डॅशबोर्डवर ह्यांची पाणसळ ठेवली आहे, आणि मी एकटी त्या जागेवर बसले की बुडबुडा मधोमध येतो. घरात सगळं माझ्यामुळे कलतं आता. अर्ध्या वाटीच्या भाताला कुकर मोठा होतो, दोन माणसांची गादी एका बाजूनं दबते, टेप खिळ्याला लावावी लागते. ह्या एका जागेवर मी एकटी बसले तरी काही वाकडं होत नव्हतं. मला वाटायचं, चुकून का होईना, हे माझी सोय करून गेले.

दत्ताभाऊंनी दिवाळीच्या आधी विषय काढला. "वैनी, ती मागली वेल्डिंग तोडायला पायजे. तुमी चालवतासा तवा गाडी कलती. वळणावर बरं न्हवं ते."

मी म्हटलं, बघू. पुन्हा काढला, पुन्हा बघू. तिसऱ्यांदा ते कटर घेऊनच आले तेव्हा माझा तोल गेला. "हात लावायचा नाही त्याला! तुमच्या मित्रानं घासलेले ठोकळे आहेत ते. गाडी नाही चालली तर राहू दे." माझा आवाज पाणंदीपर्यंत गेला असणार. दत्ताभाऊंनी कटरची वायर गुंडाळली, "बरं" म्हणाले आणि गेले. नंतर आलेच नाहीत. मीही फोन केला नाही. मला माहीत होतं की त्यांनीही मित्र गमावला आहे, पण तेवढं मन मोठं करायची ताकद नव्हती.

आणि मग ही राख पडली. चादर धुऊन, चहा पिऊन मी शेडमध्ये गेले आणि नेहमीसारखी डावीकडे बसले. रस्त्यावरून हंगामातला पहिला ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. पाणसळीत बुडबुडा मधोमध. मी उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि एकदम, कुणी थोबाडीत मारावी तसं लक्षात आलं. ही गाडी त्यांच्याशिवाय सरळ बसते. ते नसतानाच सरळ बसते. ते येऊन बसले तर ती कलेल. ज्या जागेला मी कवटाळून बसले होते, तिथे ह्यांना धरलेलंच नव्हतं. स्वतःच्या गाडीत स्वतःला धरायला विसरलेला तो भोळा माणूस, आणि त्याची ती चूक मी जपत बसले होते. मला त्यांचा राग आला. मग हुंदका आला. मग मी दत्ताभाऊंना फोन लावला.

"या," मी म्हटलं. "कटर घेऊन या. आणि येताना तुमच्या चुलतभावाच्या गुऱ्हाळावरून गुळाचे रवे घेऊन या, मोठ्या ढेपा. रिकामे हात हलवत येऊ नका."

"किती पायजेत?"

"टेम्पोत घाला. मी सांगते."

दत्ताभाऊ आले. त्यांनी वेल्डिंग कापलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. ठोकळे काढून त्यांनी माझ्या हातात दिले. कानशीच्या खुणा तशाच होत्या. मी ते खिडकीत ठेवले आणि जाऊन उजवीकडे, स्टिअरिंगपाशी बसले.

"तुमचं वजन झालं," दत्ताभाऊ म्हणाले. "आता शेजारी काय धरायचं न्हाय न्हवं? तुमी एकट्याच चालवणार."

"शेजारी धरायचं आहे. रवे ठेवा."

त्यांना वाटलं मी माझ्या जुन्या, डावीकडच्या जागी कुणी बाई-माणूस धरते आहे. त्यांनी एक रवा ठेवला, दुसरा ठेवला, आणि हात झटकले. "अजून," मी म्हटलं. त्यांनी आणखी ठेवला. "अजून." दत्ताभाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

ह्यांचं वजन मला पाठ होतं. दवाखान्यातल्या काट्यावरचं नव्हे. त्या हंगामातलं, दोन भाकरी खाऊन वर "पांढरा रस्सा उरलाय का" विचारणाऱ्या माणसाचं. पुरा रवा जास्त होत होता तेव्हा दत्ताभाऊंनी एक फोडून अर्धा केला. हळू आवाजात म्हणाले, "वैनी, एवढं वजन धरून ठोकळे बसवले, आन् मग ते वजन काढलं, तर गाडी कायम कलणार. तुमी एकट्या असतासा तवा डावी बाजू वर ऱ्हाणार."

"राहू दे."

"जन्मभर ऱ्हाईल."

"राहू दे, दत्ताभाऊ. वळणावर मी बेतानं जाईन. गेल्या खेपेला त्यांना धरायचं राहिलं होतं."

दत्ताभाऊंनी नाक ओढलं, वेल्डिंगची काच तोंडापुढे घेतली आणि खाली गेले. बराच वेळ ठोकळे, कानस, पाना. मग खालून आवाज आला.

"वैनी, हालू नगासा."

मी हलले नाही. शेजारी गुळाचे रवे एकावर एक, जुन्या गोणपाटात, त्यांचा गोड-धुरकट वास. खालून निळा उजेड. बुडबुडा मधोमध होता.

वेल्डिंग गार झाल्यावर दत्ताभाऊंनी रवे एकेक करून उतरवले. शेवटचा अर्धा रवा उचलला तशी डावी बाजू वर आली. सावकाश, शेजारचं माणूस दार उघडून उतरावं तशी. दत्ताभाऊ टेम्पोकडे गेले. मी इंजिन सुरू केलं. पाणंद रिकामी होती, समोर ऊस आणि त्याच्यावर डोंगर. शेजारी कुणी उतरलं की ते परत चढेपर्यंत आपण थांबतो, तशी मी थोडा वेळ थांबले. मग गिअर टाकला.